जर्मनीत राहतोय, पण जर्मन माणूस भेटत नाही

*सप्रेम नमस्कार. मी सांगलीचा, वय २४. गेल्या ऑक्टोबरपासून श्टुटगार्टला मास्टर्स करतोय, कोर्स इंग्रजीतून आहे. फायहिंगन भागात आम्ही चार मराठी मुलं एका फ्लॅटमध्ये राहतो. घरी पोळी-भाजी, रात्री मराठी गप्पा, सुट्टीत सगळे मिळून पॅरिस नाहीतर प्राग. आता मार्च आला, पहिलं सेमिस्टर संपलं, आणि लक्षात आलं की पाच महिन्यांत एकाही जर्मन माणसाशी माझी ओळख झालेली नाही. निघताना वाटलं होतं, वर्षभरात फाडफाड जर्मन बोलेन, तिथल्या मित्रांच्या घरी जाईन, ख्रिसमसला कुणीतरी बोलावेल. कुणी बोलावलं नाही. वर्गातली मुलं तास संपला की निघून जातात. मी जर्मनमध्ये सुरुवात केली की समोरचा इंग्रजीवर येतो. मी पीत नाही, म्हणून पार्ट्यांना जायचा संकोच वाटतो. सांगलीत असताना दर पावसाळ्यात ट्रेक असायचे, गडावर श्रमदानाला जायचो. इथे डोंगरसुद्धा पाहिला नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी आधी ‘ग्र्युस गॉट’ म्हणायच्या, जानेवारीपासून बघतही नाहीत. एकदा आमच्या दाराच्या कडीला ‘केरवोखं’ लिहिलेली लाकडी पाटी अडकवलेली दिसली होती, ती आम्ही काढून कपाटात ठेवली. त्यावरून काही झालं का, कळत नाही. बाबा फोनवर विचारतात, ‘काय, तिकडचे मित्र झाले का?’ मी विषय बदलतो. एवढे पैसे घालून इथे येऊन आम्ही सांगलीच थाटली आहे, असं वाटतं. या मुलांपासून वेगळा राहायला जाऊ का?*
*— म., श्टुटगार्ट*

प्रिय म.,

वेगळा राहायला जाऊ का, या प्रश्नाचं उत्तर आत्ता तरी ‘नको’ असं आहे. ते का, ते पुढे येईलच. त्याआधी कपाट उघड आणि ती पाटी बाहेर काढ. तुझ्या पत्रात ती ओझरती आली आहे, पण सगळ्याची किल्ली तिथेच आहे.

केरवोखं म्हणजे केराचा आठवडा. जर्मनमध्ये ‘केरन’ म्हणजे झाडणं, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द शिकवावाच लागत नाही. श्वाबेन प्रांतातली ही जुनी पद्धत आहे. १४९२ सालच्या श्टुटगार्टच्या नगरनियमांपर्यंत तिची मुळं सांगतात. इमारतीतल्या प्रत्येक घराकडे आळीपाळीनं एकेक आठवडा येतो. पाटी ज्याच्या दारावर, पाळी त्याची. ‘छोटं’ केरवोखं म्हणजे आपल्या मजल्यावरचा जिना, कठडा, जिन्यातल्या खिडकीची कड. ‘मोठं’ म्हणजे दारासमोरचा फुटपाथ, तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा, आणि हिवाळ्यात सकाळी लवकर उठून बर्फ बाजूला करणं. आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर अडकवायची. तुमच्या इमारतीत यातलं कोणाकडे काय आहे, ते भाडेकरारासोबत मिळालेल्या ‘हाउसऑर्डनुंग’ या कागदात असतं. चौघांपैकी कोणीतरी तो कागद नीट वाचा.

आता त्या आजींच्या बाजूनं बघ. पाटी तुमच्या दारापर्यंत आली आणि नाहीशी झाली. म्हणजे सगळ्या इमारतीची पाळी तुमच्या कपाटात अडकली. जिना तर रोज वापरात आहे, तो कुणीतरी झाडतच असणार, आणि बहुधा त्याच झाडत असणार. जर्मनीत शेजारी अशा वेळी भांडायला येईलच असं नाही. आधी पाटी येते, मग चिठ्ठी येते, मग नमस्कार बंद होतो, आणि त्यानंतर घरमालकाला पत्र जातं. तुम्ही तिसऱ्या पायरीवर आहात.

एकही जर्मन ओळखीचा नाही असं तू लिहितोस, पण या बाई तीन महिने रोज तुला ‘ग्र्युस गॉट’ म्हणत होत्या. सुरुवात झालेली होती. ती पुन्हा जोडायची.

शनिवारी सकाळी नऊनंतर बादली घेऊन बाहेर पड. रविवारी अजिबात नको, त्या दिवशी घरात शांतता पाळतात. आधी कोरडं झाडायचं, वरून खाली. पायरीचा कोपरा आतून बाहेर ओढायचा, केर सुपलीत घ्यायचा, खालच्या मजल्यावर ढकलायचा नाही. मग ओलं फडकं घट्ट पिळून पुसायचं. जिना लाकडी असेल तर त्यावर पाणी साचता कामा नये. फुगतो, आणि ती भरपाई अनामत रकमेतून जाते. कठडा पुसायचा, पायपुसणं बाहेर नेऊन झटकायचं. एका माणसाचं वीस-पंचवीस मिनिटांचं काम. ते झालं की खाली जा. घंटीशेजारी त्यांचं आडनाव लिहिलेलं असतं, ते आधी वाचून ठेव. जर्मनीत ‘आजी’ म्हणून हाक मारत नाहीत, ‘फ्राउ’ आणि आडनाव. म्हणायचं ते एवढंच: ‘एन्टशुल्डिगुंग, वीर हाबन दी केरवोखं निश्ट फरश्टांडन. आप येत्स्ट माखन वीर झी.’ माफ करा, आम्हाला केरवोखं कळलं नव्हतं, आता आम्ही करू. आणि जिन्याकडे हात करून विचार: ‘इस्ट एस झो रिश्टिश?’ असं बरोबर आहे का? हा शेवटचा प्रश्न गाळू नकोस. माफी मागितली की विषय मिटतो, पण विचारलं की माणूस शिकवायला लागतो. त्या बहुधा एखादा राहिलेला कोपरा दाखवतील. तो त्यांच्यासमोर पुसायचा.

त्या दिवशी मिठाईचा डबा नेऊ नकोस. चूक झाल्यावर लगेच दिलेली भेट तिथे अवघडल्यासारखी वाटते. महिनाभर काम नियमित झालं, की मग चार चकल्या छोट्या ताटलीत ने. आणि हे चौघांत वाटून घ्या. स्वयंपाकघरात कोणाचा आठवडा कोणता, तो कागद चिकटवा. दोन आठवडे उत्साहानं केलं आणि परीक्षा आली म्हणून सोडलं, तर आधीपेक्षा वाईट होईल. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्याशी आधी अदलाबदल करून घ्यायची, त्याला कोणी नाही म्हणत नाही.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण तिथली ओळख अशीच होते. आपल्याकडे आधी माणूस आपलासा होतो, मग त्याच्याबरोबर काम निघतं. तिथे बहुतेक वेळा उलट्या क्रमानं घडतं: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, एखादं छोटं काम तुम्ही नेमानं करता, ते लोकांच्या नजरेत भरतं, आणि मैत्री मागाहून येते, सावकाश. पाच महिन्यांत मित्र झाले नाहीत, त्याचं कारण तुझा स्वभाव नाही. असं काम तुझ्या वाट्याला अजून आलेलंच नव्हतं.

तुझ्या ज्या अपेक्षा मोडल्या, त्या एकेक करून बघू.

ख्रिसमसला कुणी बोलावलं नाही. २४ डिसेंबरला दुपारी दुकानं बंद होतात आणि संध्याकाळ घरच्यांची असते. नव्यानं ओळख झालेल्या माणसानं लक्ष्मीपूजनाला घरात येऊन बसावं, असं आपल्याला तरी सुचतं का? तसंच ते. बाहेरच्यांसाठी असतात ते त्याआधीचे चार आठवडे, आडव्हेंटचे: ख्रिसमसच्या बाजारात भेटणं, रविवारी दुपारी कॉफी आणि केक. पुढच्या वर्षी डोळे नोव्हेंबरच्या शेवटी उघडे ठेव. आणि कुणी बोलावण्याची वाट बघण्यापेक्षा चौघांनी मिळून आडव्हेंटमधल्या एखाद्या रविवारी दुपारी तीन ते पाच दोन-तीन जणांना घरी बोलवा. निमंत्रणात संपण्याची वेळ लिहिली तरी चालते, उलट बरं वाटतं.

वर्गातली मुलं निघून जातात. इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्समध्ये निम्म्याहून जास्त मुलं परदेशी असणं नेहमीचं आहे, आणि जी जर्मन असतात त्यांतली बरीच त्याच विद्यापीठात बॅचलर झालेली. त्यांचा गट तीन-चार वर्षांपूर्वीच जमलेला असतो. तुला टाळण्यासाठी ती निघत नाहीत, त्यांची सहाची वेळ कुठेतरी आधीच दिलेली असते. आपलं ‘ये एकदा घरी’ तिथे चालत नाही. ऐकणारा हो म्हणतो आणि विसरतो, कारण त्यात तारीख नाही. ‘गुरुवारी पावणेसहाला, प्रयोगशाळेतून सुटल्यावर, मेन्साजवळ (विद्यापीठाच्या खानावळीजवळ) एक कॉफी, अर्धा तास’ असं म्हण. नकार आला तर तो त्या गुरुवारपुरता असतो. आणखी एक तारीख सुचव. दोनदा नकार आला आणि समोरून तिसरी तारीख आली नाही, तर मात्र सोडून दे.

वाढदिवसाचंही लक्षात ठेव. तिथे ज्याचा वाढदिवस तो केक आणतो आणि सगळ्यांना देतो. तुझा वाढदिवस सेमिस्टरमध्ये येत असेल तर प्रयोगशाळेत स्वतः केक ने, अगदी दुकानातला चालेल. ओळख वाढवायला इतकी सोपी संधी वर्षातून एकदाच मिळते, आणि ती बहुतेक मराठी मुलं दुसऱ्यांनी विचारायची वाट बघत घालवतात. कुणालाही आदल्या दिवशी शुभेच्छा मात्र देऊ नकोस, ते अशुभ मानतात.

भाषेचा हिशोब जरा सविस्तर मांडतो, कारण ‘वर्षभरात फाडफाड’ ही अपेक्षा आकड्यांत टिकत नाही. गोएथं इन्स्टिट्यूटच्या अंदाजानं शून्यापासून बी-१ या तिसऱ्या पातळीपर्यंत पोचायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. निघण्यापूर्वी ए-१, म्हणजे पहिली पातळी, करून गेला असशील, तर त्यातले शे-दीडशे झाले. विद्यापीठाच्या भाषाकेंद्राचा सेमिस्टर कोर्स साधारण आठवड्याला चार तास, १४ आठवडे: ५६ तास. नुसत्या त्यावर राहिलास तर बी-१ यायच्या आत तुझी डिग्री संपेल. म्हणून दोन्ही कर. एप्रिलमध्ये सेमिस्टर कोर्स, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या मोकळ्या काळात चार आठवड्यांचा इंटेन्सिव्ह: रोज चार-पाच तास, म्हणजे ८० ते १०० तास एका दमात. विद्यापीठात नसेल तर फोल्क्सहोखशूलंमध्ये, म्हणजे शहराच्या प्रौढशिक्षण केंद्रात असतो. भाषाकेंद्राची नोंदणी लेक्चर सुरू होण्याच्या आधीच उघडते, पातळी ठरवणारी चाचणी त्याहून आधी असते, आणि जागा भराभर भरतात. लेक्चर एप्रिलच्या मध्याला सुरू होतात म्हणून तोवर थांबलास तर हे सेमिस्टरही हातचं जाईल. या आठवड्यातच वेबसाइट बघ.

समोरचा इंग्रजीवर येतो, याचं कारण बहुतेक वेळा घाई असते, किंवा तुला सोपं जावं ही इच्छा. बेकरीच्या रांगेत तुझ्यामागे सहा माणसं उभी असताना बाई वाक्य पुरं होईपर्यंत थांबणार नाहीत. सराव तिथे करायचा नाही. ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्याशी करायचा: जिन्यातल्या बाई, ग्रंथालयातली दुपारची शिफ्ट, डोंगर चढताना शेजारी चालणारा माणूस. एक वाक्य पाठ ठेव: ‘क्योनन वीर बिट्टं डॉइच श्प्रेशन? इश लेर्नं नोख.’ आपण जर्मन बोलू या का, मी अजून शिकतोय. आणि तो इंग्रजीत बोलला तरी तू जर्मनमध्येच उत्तर दे, मोडकं का असेना.

टॅन्डम जोडीदार, म्हणजे एकमेकांना आपापली भाषा शिकवणारा, मिळवायचा असेल तर भाषाकेंद्रातच विचार. मराठी किंवा हिंदी शिकणारा मिळेलच असं नाही, इंग्रजीचा सराव हवा असलेला नक्की मिळेल. हे गाडं नेहमी एकाच जागी रुततं: दोघांपैकी एकाची भाषा चांगली असते, आणि दुसऱ्या भेटीपासून सगळा तास त्या भाषेत जातो. म्हणून फोनवर ३० मिनिटांचा गजर लावायचा आणि वाजला की वाक्य अर्धं असलं तरी भाषा बदलायची. उठण्यापूर्वी पुढची तारीख ठरवायची, ‘मेसेज करतो’ यावर सोडायचं नाही.

आणि श्वेबिश, म्हणजे श्वाबेनची बोली. क्लासमध्ये शिकलेली जर्मन जिन्यात कळली नाही म्हणून खचू नकोस. तिथे नामांना सर्रास ‘-लं’ लागतं, निघताना ‘आडे’ म्हणतात, आणि काही शब्दांचे अर्थच वेगळे आहेत. पुस्तकात ‘हेबन’ म्हणजे उचलणं. श्वाबेनमध्ये ‘हेबन’ म्हणजे धरणं. बाईंनी शिडी दाखवून ‘हेब’ म्हटलं तर शिडी धरून उभा राहा. पुस्तकात ‘फूस’ म्हणजे पाऊल, त्यांच्याकडे अख्खा पाय. उत्तर जर्मनीच्या मुलांनाही हे पटकन कळत नाही. सांगलीच्या मुलाला मालवणी पहिल्या दिवशी कुठे कळते? विचारायचं, वहीत लिहायचं. आपल्या बोलीबद्दल कुणी आस्थेनं विचारलं की कुठलाही माणूस खुलतो.

आता डोंगर. पत्रात तू हे जाता जाता लिहिलंस, पण तुझ्या जमेची खरी बाजू हीच आहे. श्टुटगार्टपासून तासाभरावर श्वेबिशं आल्प आहे. सह्याद्रीसारखाच कडा, वर सपाट पठार, आणि कड्याच्या टोकांवर किल्ले. नुर्टिंगनहून छोटी रेल्वे नॉयफनला जाते, आणि तिथून चढून होएननॉयफनच्या पडक्या किल्ल्यावर पोचता येतं, उंची ७४३ मीटर. बुरुजावर उभा राहिलास की तुला घर आठवेल. कड्याच्या कडेकडेनं डोनाउव्ह्योर्थ ते टुटलिंगन अशी सुमारे ३६५ किलोमीटरची पायवाट आहे, झाडांवर लाल त्रिकोणाची खूण. या वाटा सांभाळतो तो श्वेबिशर आल्पफेराइन, १८८८ साली स्थापन झालेला पदभ्रमण संघ. त्याच्या गावोगावी शाखा आहेत, शाखेला ‘ओर्ट्सग्रुपं’ म्हणतात. शाखेचा वर्षाचा कार्यक्रम छापलेला असतो: तारीख, अंतर, चढ किती मीटर, कुठल्या स्टेशनवर किती वाजता. पाहुण्यांना चालतं का ते कार्यक्रमातच असतं, नसेल तर दोन ओळींचा ईमेल टाक.

तिथे बरीच मंडळी साठीच्या पुढची असतात. म्हणून पाठ फिरवू नकोस. त्यांच्याकडे वेळ असतो, चालायचा वेग बोलायला सोयीचा असतो, आणि ती मधेच इंग्रजीवर जात नाहीत. बरोबरीच्या वयाची मुलं हवीत तर विद्यापीठाच्या खेळविभागात चढाई आणि हायकिंगचे वर्ग असतात. त्यांचं बुकिंग ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला उघडतं आणि लोकप्रिय वर्ग काही मिनिटांत भरतात, तेव्हा दिवस आधी टिपून ठेव. दोन्ही जमलं तर उत्तम, एकच जमणार असेल तर आल्पफेराइन.

पहिल्या रविवारी काय लागतं ते सांगतो. प्लॅटफॉर्मवर दहा मिनिटं आधी हजर राहायचं. आठ-दहा जण असले की पाच-पाच जण मिळून राज्याचं दिवसाचं तिकीट काढतात, त्यातला आपला वाटा द्यायला सुटे युरो खिशात हवेत. दुपारचं खाणं, त्याला श्वाबेनमध्ये ‘फेस्पर’ म्हणतात, जो तो आपापलं आणतो. तू थेपले किंवा पोळीचा रोल नेलास तर शेजारच्याला एकदा विचार. ‘नाइन, डांकं’ म्हणाला तर त्याचा अर्थ खरोखर नको असा आहे, पुन्हा आग्रह करू नकोस. उतरल्यावर खानावळीत बसणं होतं. तिथे आप्फलशोर्लं माग, सफरचंदाचा रस आणि सोडा. टेबलावर आणखी दोन-तीन जणांसमोर तेच असेल. कुणी विचारलंच तर ‘इश ट्रिंकं काइनन आल्कोहोल’ एवढं पुरे, कारण देत बसू नकोस. संकोच पिण्याचा असतो त्यापेक्षा खुलासे देण्याचा जास्त असतो, आणि खुलासा तिथे कोणी मागत नाही. बिल प्रत्येकाचं वेगळं: वाढणारी विचारते, तेव्हा ‘गेट्रेन्ट’ म्हणायचं.

खाण्यात एक गंमत तुझी वाट बघतेय. श्वाबेनचं सर्वांत घरगुती जेवण म्हणजे लिन्झन मिट श्पेत्स्लं: अख्ख्या मसुराची दाट उसळ, थोडा व्हिनेगर घातलेली, आणि सोबत अंड्याच्या पिठाचे मऊ तुकडे. मसूर खाणाऱ्या माणसाला ते परकं वाटणारच नाही. मात्र वर सॉसेज असतं, आणि उसळीतच डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ‘श्पेक’, घालायची पद्धत आहे. शाकाहारी असशील तर सॉसेज बाजूला काढून भागणार नाही, आधीच विचार. माउलटाशनच्या, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या पुड्यांच्या, आतही बहुधा मांस असतं. केझंश्पेत्स्लं, म्हणजे चीज घातलेले, चालतील. अंडं मात्र त्यांतही आहे.

तीन रविवार त्याच शाखेबरोबर जा, मग काम माग. वसंतात वाटांच्या खुणा पुन्हा रंगवतात, कोसळलेलं झाड बाजूला करतात. शाखेच्या उन्हाळी जत्रेत बाकं मांडायला, केक विकायला माणसं लागतात. ‘हेल्फरलिस्टं’ नावाचा कागद फिरतो, दोन-दोन तासांच्या पाळ्या. त्यावर नाव लिही. गडावर श्रमदान केलेल्याला हे समजावून सांगायला नको: टाक्यातला गाळ काढताना शेजारी कोण उभा आहे त्याची जात-गाव न विचारता ओळख होते. इथेही तसंच. फक्त बटाटे सोलताना ‘तू’ म्हणायची परवानगी मिळेपर्यंत वडीलधाऱ्यांना ‘झी’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हण.

कॉलेजातही एक दार आहे. फाखशाफ्ट म्हणजे विभागातली विद्यार्थी संघटना. तिच्या खोलीत जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, कॉफी मिळते आणि जर्मन मुलं बसलेली असतात. प्रश्नपत्रिका घ्यायला जा, कारण ते जायला पुरेसं निमित्त आहे. परीक्षेच्या सहा आठवडे आधी तीन-चार जणांचा अभ्यासगट जमवायचा, त्यात दोघं तरी भारताबाहेरचे असू देत.

गटात तुझ्या कामावर कोणी सरळ ‘हे चुकलंय’ म्हटलं तर ते कामापुरतं असतं, रात्रभर मनात घोळवू नकोस. आणि कौतुकाची वाट बघू नकोस. श्वाबेनमध्ये म्हण आहे, ‘नेट ग्शिम्फ्ट इश ग्नुग ग्लोब्ट’: रागावलो नाही, म्हणजे पुरेसं कौतुक केलं. जिना पुसल्यावर बाई काहीच बोलल्या नाहीत, तर तो चांगला झालाय.

नोकरी करत असशील तर तीही याच नजरेनं निवड. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. ज्या गोदामात सगळी पाळी हिंदीत चालते तिथे पैसे मिळतात आणि भाषा जिथल्या तिथे राहते. विभागातलं सहायकाचं काम, ‘हीवी’, मिळालं तर तेच घे. त्याचे दिवस या मोजणीत धरत नाहीत आणि संशोधकांबरोबर रोज जेवायला बसता येतं. पैशाचं ओझं तुझ्या मनावर आहे हे दिसतं. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात दाखवायचे वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, त्यावर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची सेमिस्टरला १,५०० युरो फी, ही रक्कम कुठल्याही मध्यमवर्गीय घराला जड आहे. पण तिचा हिशोब मित्रांच्या संख्येत मांडू नकोस.

राहता राहिले तुझे तीन रूममेट. स्टीफन बॉख्नर या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९७७ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास मांडला. त्यांना तीन वर्तुळं दिसली: आपल्या देशाचे, यजमान देशाचे, आणि इतर देशांतून आलेले. पहिल्यांबरोबर माणूस आपली संस्कृती जगतो, तिसऱ्यांबरोबर करमणूक होते, आणि यजमानांशी संबंध मुख्यतः अभ्यास आणि कामाच्या निमित्तानं येतात. एक वर्तुळ दुसऱ्याचं काम करू शकत नाही. पोळी-भाजी आणि रात्रीच्या गप्पा तुला उभं ठेवताहेत, त्या तोडल्यास तर जर्मन मित्र मिळायच्या आधी तू एकटा पडशील. तिघांनाही केरवोख्यात आणि एखाद्या रविवारी डोंगरावर ने.

दोन सेमिस्टरांनंतरही वेगळं राहावंसं वाटलं तर खुशाल शोध. शेअर फ्लॅटच्या जाहिरातीत ‘काइनं त्स्वेक-वेगे’ लिहिलेलं बघ. याचा अर्थ नुसतं भाडं वाटून घेणारे नकोत, एकत्र बसणारे हवेत. अर्ज जर्मनमध्ये, आठ-दहा ओळी: काय रांधतोस, कधी झोपतोस, रविवारी काय करतोस. ‘आदरणीय महोदय’ आणि गुणांची टक्केवारी नको. खोली पाहिल्याशिवाय एक सेंटही पाठवायचा नाही, आणि अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही, हे कायद्यात आहे.

आणखी एक, आणि हे मनावर घे. श्टुटगार्टला डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. या हिवाळ्यातलं तुझं उदास वाटणं थोडं त्याचंही असेल. पण झोप, जेवण किंवा अभ्यास सलग दोन आठवडे बिघडलेला असेल तर श्टुडिरेन्डनव्हेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या, समुपदेशन केंद्रात वेळ घे. तिथे बोललेलं बाहेर जात नाही, आणि इंग्रजीत बोलता येतं का ते वेळ घेतानाच विचार.

या रविवारी बाबांचा फोन आला की विषय बदलू नकोस. त्यांना सांग, मित्र अजून झालेले नाहीत. आणि सांग की एप्रिलपासून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी क्लास आहे, तेव्हा उशिरा बोलू. महिन्यातून एका रविवारी दिवसभर डोंगरात रेंज नसेल. आणि आपला आठवडा असेल तेव्हा शनिवारी सकाळी फोन करू नका, जिना पुसायचा असतो.